मुंबईतल्या स्मशानभूमी आणि दफनभूमी: देखभाल, वाढती वस्ती आणि महापालिकेचे निर्णय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान रहिवासी, दफनभूमीचे विश्वस्त, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि नगरसेवकांच्या कार्यालयात काम करणाऱ्यांसाठी आहे. आकडेमोड जिथे आमची आहे तिथे ती कशी केली तेही दिलं आहे. आपल्या विभागाचे आकडे घालून ती पुन्हा करून पाहावी.

स्मशानभूमी आणि दफनभूमी पुरवणं ही महापालिकेची जबाबदारी आहे की समाजाची?

महापालिकेची. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ६१ मध्ये महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे. प्रेतांच्या विल्हेवाटीच्या जागांचं नियमन करणं आणि नव्या जागा उपलब्ध करणं हे त्या यादीत आहे. बंधनकारक म्हणजे "निधी उरला तर करू" या वर्गातलं नव्हे. पुढे कलम ४३५ पासून नोंदणी, नव्या जागा, परवानगी, जागा बंद करणं आणि पुरलेलं प्रेत उकरणं याबद्दलच्या तरतुदी आहेत.

प्रत्यक्षात शहरात तीन प्रकार दिसतात. काही जागा महापालिकेच्या आणि तीच चालवते. काही जागा महापालिकेच्या, पण रोजची व्यवस्था ट्रस्टकडे. आणि काही पूर्णपणे खासगी: चर्चच्या, वक्फच्या, पंचायतीच्या किंवा एखाद्या ज्ञातीच्या. तक्रार करण्याआधी आपली जागा यातल्या कोणत्या प्रकारात मोडते ते बघावं. निम्मी पत्रं चुकीच्या टेबलावर जातात आणि तिथेच पडून राहतात.

महापालिकेच्या सभागृहात नेहमी वाद होतो: आहे त्या जागांच्या देखभालीवर खर्च करायचा की नव्या जागा घ्यायच्या?

हा वाद मांडतानाच गफलत होते. मुंबईत देखभाल म्हणजेच जागा. दफनभूमीतून पाण्याचा निचरा होत नसेल, तर कबर पुन्हा वापरायला पाच वर्षं थांबावं लागतं. निचरा नीट असेल तर तीच कबर तीन वर्षांत मोकळी होते. विजेवर किंवा गॅसवर चालणारी दाहिनी दोन महिने बंद राहिली, तर तेवढा भार लाकडाच्या चौथऱ्यांवर येतो आणि रांग लागते. या दोन्ही ठिकाणी जमीन एक फूटही वाढलेली नसते, पण क्षमता कमी-जास्त होते.

म्हणून प्रस्ताव कोणताही असो, आधी एकच आकडा मागायचा: या खर्चाने वर्षाला किती अंत्यसंस्कारांची क्षमता वाढेल किंवा टिकेल? कमान, फुलझाडं, ग्रॅनाइटची बाकं आणि उद्घाटनाची पाटी या कसोटीवर टिकत नाहीत. निचऱ्याची पाइपलाइन टिकते, पण तिचं उद्घाटन करता येत नाही, हीच तिची अडचण.

याचा अर्थ नव्या जागा नकोत असा नाही. काही विभागांत देखभाल कितीही चांगली केली तरी पुरणार नाही. पण ते आकड्यांनी दाखवावं लागतं. त्याची रीत पुढच्या तीन उत्तरांत आहे.

एका एकरात किती दफनं होऊ शकतात?

मोठ्या माणसाची कबर साधारण ७ फूट बाय ३ फूट. चारही बाजूंनी अर्धा फूट माती सोडावी लागते, नाहीतर शेजारची कबर खणताना मधली भिंत ढासळते. म्हणजे ८ बाय ४, एकूण ३२ चौरस फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यातला ३५ टक्के भाग रस्ता, कुंपण, कार्यालय, पाण्याची टाकी, झाडं, गटार आणि नमाज किंवा प्रार्थनेच्या जागेत जातो असं धरू. उरतात सुमारे २८,३०० चौरस फूट. त्याला ३२ ने भागलं की ८८० च्या आसपास कबरी.

आता खरा प्रश्न आवर्तनाचा. कबर तीन वर्षांनी पुन्हा वापरता येत असेल, तर एका एकरात वर्षाला सुमारे २९५ दफनं. पाच वर्षं लागत असतील तर १७७. म्हणजे निव्वळ मातीच्या अवस्थेमुळे ४० टक्के क्षमता गेली.

उलट बाजूने बघा. रोज सरासरी दोन दफनं म्हणजे वर्षाला ७३०. तीन वर्षांच्या आवर्तनाला २,१९० कबरी, म्हणजे अडीच एकर. पाच वर्षांच्या आवर्तनाला ३,६५० कबरी, म्हणजे चार एकरांच्या वर. मुंबईत ही दीड एकराची तफावत कोणत्याही भावात स्वस्त नाही.

दोन गोष्टी या हिशेबात हमखास सुटतात. एक, लहान मुलांच्या कबरी. त्या ४ बाय २ च्या असतात आणि त्यांचा पट्टा वेगळा हवा. मोठ्यांच्या रांगेत मूल दफन केलं की पूर्ण कबरीची जागा जाते. दोन, पक्क्या कबरी. संगमरवर बसवलेली प्रत्येक कबर आवर्तनातून कायमची बाहेर पडते. १०० पक्क्या कबरी म्हणजे तीन वर्षांच्या हिशेबाने दरवर्षी ३३ दफनांची जागा गेली.

स्मशानभूमीची क्षमता कशी मोजायची?

लाकडाच्या सरणाला जळायला चार ते सहा तास लागतात. पण चौथरा मोकळा होतो तो अस्थी सावडून झाल्यावर, आणि संध्याकाळचं दहन असेल तर नातेवाईक दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. त्यामुळे कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी एका चौथऱ्यावर दिवसाला एक, फार तर दोन दहनं होतात.

गॅसदाहिनीत दहनाला तास-दीड तास आणि पुढेमागे अर्धा तास. दिवसाचे १६ तास चालली तर आठ दहनं. म्हणजे चालू असलेली एक दाहिनी पाच-सहा चौथऱ्यांचं काम करते. यातला "चालू असलेली" हा भाग महत्त्वाचा. क्षमता मोजताना बसवलेल्या दाहिन्या मोजू नयेत. वर्षात त्या किती दिवस चालल्या ते मोजावं.

नवीन टॉवर आणि पुनर्विकासामुळे गरज किती वाढेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

कोविडच्या आधीच्या वर्षांत मुंबईत दरवर्षी साधारण ९० हजार मृत्यूंची नोंद होत होती, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे हजारी सात. एक लाख वस्तीमागे वर्षाला ७०० मृत्यू, दिवसाला जवळजवळ दोन. त्यांतले किती दहन, किती दफन, हे त्या विभागाच्या नोंदवहीतून घ्यावं. शहराची सरासरी इथे उपयोगाची नाही, कारण भेंडीबाजार, वांद्रे, मुलुंड आणि गोवंडी यांचं प्रमाण एकमेकांशी जुळत नाही.

एक चूक जवळपास प्रत्येक सादरीकरणात असते. लोकसंख्या दहा टक्के वाढली म्हणून मृत्यूही दहा टक्के वाढतील, असं धरलं जातं. नव्या टॉवरमध्ये राहायला येणारी कुटुंबं बहुधा तरुण असतात, तिथला भार वीस-तीस वर्षांनी येतो. याउलट गिरगाव, लालबाग, परळ, दादरसारख्या भागांत लोकसंख्या स्थिर राहिली किंवा घटली, तरी वयस्कांचं प्रमाण वाढत असल्यामुळे मृत्यूंची संख्या टिकून राहते. म्हणून वयोगटानुसार आकडे मागा, आणि गेल्या दहा वर्षांची त्या जागेवरची नोंद सोबत जोडा.

कबर पुन्हा वापरतात, हे खरं आहे का? त्यात अनादर नाही का?

खरं आहे, आणि मुंबईत ते पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. कबरस्तानात ठरावीक काळानंतर त्याच जागी नवं दफन होतं. ख्रिस्ती दफनभूमींत तात्पुरत्या कबरीतल्या अस्थी काढून भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे छोट्या कोनाड्यात, ठेवतात, किंवा कुटुंबाच्या मालकीच्या कबरीत पुन्हा पुरतात. निशची भिंत ही थोड्या जागेत सर्वांत जास्त आठवणी सांभाळणारी सोय आहे. नव्या प्रत्येक ख्रिस्ती दफनभूमीच्या आराखड्यात कुंपणभिंतीतच ती धरावी. नंतर बांधायला गेलं की पाया वेगळा, खर्च वेगळा.

अनादर होतो तो नोंदी नसताना. कोणती कबर कधीची हे माहीत नसलं की खणणारा अंदाजाने कुदळ घालतो, आणि मग नको ते दिसतं. प्रत्येक दफनभूमीकडे रांग-क्रमांकाचा नकाशा हवा आणि वहीत पाच रकाने हवेत: रांग व क्रमांक, नाव, वय, दफनाची तारीख, पुन्हा उघडण्याची तारीख. कुटुंबाला पावतीवरच ही शेवटची तारीख लिहून द्यावी. संगणक असला तर उत्तम, नसला तर शंभर पानी वहीही चालते. मात्र ती पावसाळ्यात लोखंडी कपाटात नको, ओलीने पानं चिकटतात.

काही कबरींमध्ये मृतदेहाची माती व्हायला इतका वेळ का लागतो?

तीन कारणं, आणि तिन्हींवर उपाय आहे.

पहिलं, प्लॅस्टिक. रुग्णालयातून येणारी बॉडी बॅग, कृत्रिम धाग्याचं कापड, रेक्झिनचं अस्तर. प्लॅस्टिकच्या आत हवा आणि मातीतले जिवाणू पोचत नाहीत. कोविडच्या काळात बंद पिशव्यांत झालेल्या दफनांनी हाच प्रश्न उभा केला. आता नियम साधा ठेवावा: सुती कफन, आणि पेटी असेल तर पातळ लाकडाची, पॉलिशशिवाय, आतून अस्तर नसलेली. वसईतल्या काही चर्चांनी तर पेटी सोडून नुसत्या कापडातलं दफन स्वीकारलं आहे.

दुसरं, पाणी. कबर पाण्यात असेल तर कुजण्याची क्रिया थांबते आणि शरीरातल्या चरबीचा साबणासारखा घट्ट थर बनतो. एकदा तो बनला की वर्षानुवर्षं तसाच राहतो.

तिसरं, माती. खाडीकाठची काळी चिकणमाती हवा धरत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे डेब्रिजचा भराव. जागा उंच करायची म्हणून कंत्राटदार बांधकामाचा राडारोडा आणून टाकतो. वरून सपाट दिसतं, पण खणताना फरशीचे तुकडे, सळया, सिमेंटचे गोळे लागतात, कडा ढासळतात आणि मातीत जीव नसतो. भरावाच्या निविदेत "मुरूम आणि लाल माती" असे शब्द हवेत, आणि प्रत्येक गाडी रिकामी होताना कोणीतरी उभं राहून पाहायला हवं.

पावसाळ्याआधी दफनभूमीत काय काय करावं?

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा तयारी मार्चमध्ये सुरू व्हावी. मे महिन्यात कंत्राटदार मिळत नाही.

आधी गटारांचा गाळ काढावा आणि बाहेरच्या रस्त्याच्या गटाराची पातळी तपासावी. रस्ता दर डांबरीकरणाला दोन-तीन इंच वर गेलेला असतो आणि दफनभूमी त्याच्या खाली जाते. मग आतलं पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचं आत येतं. हा दोष आतल्या कामाने दुरुस्त होत नाही, रस्ते आणि पर्जन्य जलवाहिन्या खात्याला पत्र द्यावं लागतं.

आत निचऱ्यासाठी रांगांच्या मधल्या पायवाटेखाली छिद्रं असलेला पाइप कबरीच्या तळापेक्षा खाली टाकतात, त्याभोवती खडी आणि त्यावर माती जाऊ न देणारं कापड. कापड टाळलं तर दोन पावसाळ्यांत पाइप गाळाने भरतो. पाइपचं तोंड कुठे सोडायचं हे आधी ठरवा. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी उलटं येत असेल तर एका दिशेने उघडणारी झडप आणि पंप लागतो.

जून ते सप्टेंबरसाठी उंचावरच्या काही रांगा राखून ठेवाव्यात. उन्हाळ्यातच त्या रांगांत दफनं केली की जुलैत पाण्यात कबर खणायची वेळ येते. पाच-सहा फूट खोल खणताना ओल्या मातीत कडा कोसळतात. फळ्या आणि आडवे टेकू हाताशी असावेत, आणि एकट्या कामगाराला खड्ड्यात उतरवू नये. गमबूट आणि हातमोजे हे अंदाजपत्रकात वेगळं लिहावं लागतं, "इतर" मध्ये टाकलं की येत नाही.

फुलदाण्या, मेणबत्तीच्या काचा, नारळाच्या करवंट्या उचलून टाका. डेंग्यूचा डास त्यात अंडी घालतो. फांद्या छाटायला उद्यान खात्याची परवानगी घ्या. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा स्मशानालाही लागू आहे.

विद्युत किंवा गॅसदाहिनी सारखी बंद का पडते?

दाहिनीची आतली भिंत उष्णतारोधक विटांची असते. ती तापण्या-थंड होण्याने तडकते. विद्युतदाहिनी पूर्ण थंड झाली की पुन्हा तापायला बराच वेळ लागतो, म्हणून ती सतत गरम ठेवतात. वीज वारंवार गेली, किंवा कमी वापरामुळे सारखी बंद-चालू केली, तर कॉइल तुटतात आणि विटा निखळतात. गॅसदाहिनी लवकर तापते. मुंबईत जुन्या विद्युतदाहिन्या पाइप गॅसवर नेण्यामागे हेही एक कारण आहे.

बाकीचे बिघाड बहुतांशी आत काय जातं त्यावर असतात. बॉडी बॅग आणि कृत्रिम कापडाची काजळी धूर ओढणाऱ्या पंख्यावर आणि धूर धुणाऱ्या यंत्रात साचते. तेलाच्या काचेच्या बाटल्या वितळून तळाला चिकटतात. तुपाचा अख्खा डबा ओतला की एकदम भडका उडतो. पेसमेकर आत राहिला तर बॅटरीचा स्फोट होऊन भिंतीला भगदाड पडू शकतं. तो रुग्णालयातच काढून घ्यावा, आणि प्रवेशद्वारावर हा प्रश्न तोंडी विचारला जावा. पाटी कोणी वाचत नाही.

भिंतीच्या दुरुस्तीला आधी दाहिनी थंड होऊ द्यावी लागते, नंतरचा लेप सुकू द्यावा लागतो आणि मग हळूहळू तापवत न्यावं लागतं. आठ-पंधरा दिवस सहज जातात. हे काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरकावं. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं, आणि नेमकी तेव्हाच दाहिनी बंद असली की चौथऱ्यांवर सगळं येतं. कंत्राटात "वार्षिक देखभाल" एवढंच लिहू नका. बिघाडानंतर किती तासांत माणूस येईल, कोणते सुटे भाग जागेवर ठेवायचे (बर्नर, ज्वाला ओळखणारा सेन्सर, दाराची साखळी, पंख्याचा पट्टा) आणि दिवसाला किती दंड, हे लिहा.

लाकूड महापालिका देते का? ब्रिकेटचं काय?

महापालिकेच्या स्मशानभूमीत एका दहनासाठी सुमारे ३०० किलो लाकूड मोफत मिळतं. शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या ब्रिकेट वापरल्या तर साधारण २५० किलो पुरतं, कारण त्यांच्यात ओल कमी असते. मात्र ब्रिकेट भिजली की भुसा होतो, म्हणून पत्र्याच्या गळक्या शेडमध्ये ठेवून उपयोग नाही. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, चारी बाजूंनी बंद खोलीत ठेवावी. आणि सरण रचण्याची पद्धत बदलते: खाली हवा खेळायला लोखंडी जाळी लागते, नाहीतर मधला भाग कच्चा राहतो.

जुन्या कबरींची दुरुस्ती करायची आहे. काय टाळावं?

ॲसिड, तारेचा ब्रश आणि सिमेंट. संगमरवर ॲसिडने खरवडला जातो, अक्षरं पुसट होतात. मालाड किंवा पोरबंदरच्या दगडाचे सांधे मूळ चुन्याचे असतात. त्यात सिमेंट भरलं की ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात. सांधे चुन्यानेच भरा. क्रूस किंवा स्तंभ आतल्या लोखंडी सळईवर उभा असेल तर ती गंजून फुगते आणि दगड उभा चिरतो. जागी स्टेनलेस स्टीलची सळई घालतात. साफसफाईला साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि धीर पुरतो. वड-पिंपळाचं रोप कोवळं असतानाच मुळासकट काढा. नुसतं कापलं तर ते दगडात आणखी खोल जातं.

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६० च्या दशकातली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथेच आहेत. अशा ठिकाणी दुरुस्तीआधी प्रत्येक कबरीचं छायाचित्र आणि लेख टिपून घ्यावा. वारस नाही म्हणून दगड काढून टाकण्याची घाई नको, पण वारस नाही म्हणून ती कबर कायम राखीव ठेवायची का, हा प्रश्न सभागृहाने कधीतरी सरळ हाताळायला हवा.

नवीन स्मशानभूमी किंवा दफनभूमी मिळवायची तर टप्पे कोणते?

१. विकास नियोजन खात्याकडून भूखंडाचा डीपी रिमार्क घ्या. विकास आराखडा २०३४ मध्ये त्या जागेवर आरक्षण आहे का, ते त्यात दिसतं. अनेक विभागांत आरक्षण आधीपासून असतं, फक्त ताब्यात आलेलं नसतं.

२. सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. मालक खासगी, जिल्हाधिकारी, म्हाडा, रेल्वे की बंदर प्राधिकरण, यावर पुढचा सगळा रस्ता ठरतो.

३. आरक्षण नसेल तर एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल. त्यात हरकती-सूचना आणि राज्य सरकारची मंजुरी येते. वर्षं जातात.

४. किनारा, कांदळवन, झाडं. कांदळवनापासून ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम होत नाही. किनारपट्टीचे नियम वेगळे तपासावे लागतात.

५. मातीची चाचणी. ही फेब्रुवारीत करू नका. ऑगस्टच्या अखेरीस भरतीच्या दिवशी सात-आठ फुटांचे चार-पाच खड्डे घ्या आणि दुसऱ्या सकाळी पाणी किती चढलं ते मोजा. कबरीच्या तळाच्या वर पाणी येत असेल तर भराव आणि निचऱ्याचा खर्च जागेच्या किमतीतच धरा.

६. सुधार समिती जमिनीचा, स्थायी समिती पैशांचा निर्णय घेते. मग आयुक्तांची परवानगी, नोंदणी आणि कर्मचारी. शेवटचं विसरलं जातं. कुंपण होतं, दार होतं, पण नोंद घेणारा माणूसच मंजूर नसतो.

एक तारीख लक्षात ठेवावी. हा आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे २०२८ पासून अशा सूचना येऊ लागतील. आपल्या विभागातल्या न घेतलेल्या आरक्षणांची यादी आत्ताच करून ठेवा.

गोवंडीच्या दफनभूमीचा प्रश्न न्यायालयात का गेला?

पूर्व उपनगरांत दाट वस्ती, दफनाची गरज मोठी आणि देवनारची जागा अपुरी. पर्यायी जागा सुचवल्या जात, पण कुठे कचराभूमी जवळ, कुठे तेलशुद्धीकरण कारखाना जवळ. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यावरून महापालिकेला चांगलंच सुनावलं. मृतांच्या सन्मानाने अंत्यसंस्काराच्या हक्काला न्यायालयं जगण्याच्या हक्काशी जोडतात. मे २०२० मध्ये कोविड मृतदेहांचं दफन होऊ द्यावं, हेही याच न्यायालयाने ठरवलं होतं. वरची पाच क्रमांकाची चाचणी आधी केली असती तर न्यायालयातला निम्मा वेळ वाचला असता, असं आमचं मत.

शेजारच्या सोसायटीचा विरोध असेल तर?

विरोध नवा नाही. एकोणिसाव्या शतकात सोनापूरची (मरीन लाइन्सजवळची) स्मशानभूमी शहराबाहेर शिवडीला हलवायचा घाट सरकारने घातला, तेव्हा नाना शंकरशेट यांनी तो हाणून पाडला. आज बाजू उलटल्या आहेत: तेव्हा स्मशान हलू नये म्हणून लोक उभे होते, आता जवळ नको म्हणून असतात.

"प्रदूषण नाही" असं नुसतं सांगून कोणी ऐकत नाही. धुराड्याची उंची, धूर धुणाऱ्या यंत्राच्या देखभालीची नोंद, शववाहिनी उभी राहायची जागा आणि ढोल-ताशाच्या वेळा, हे लेखी द्या. बहुतेक वेळा खरी तक्रार वाहनतळाची असते. पुनर्विकासात स्मशानालगत टॉवर उभा राहत असेल तर खिडक्यांच्या बाजूला झाडांचा पट्टा विकासकाने सोडावा, अशी अट आधी घालावी. घरं विकून झाल्यावर उपयोग नाही.

हिंदूंना दफनभूमी कशाला?

लिंगायत, गोसावी, नाथपंथी, महानुभाव यांच्यात दफनाची रीत आहे, आणि लहान मुलांना बहुतेक ज्ञातींत पुरतात. लिंगायतांत बसलेल्या स्थितीत दफन असल्याने खड्डा लांबीला कमी आणि खोलीला जास्त लागतो. आराखड्यात हे वेगळं दाखवा.

पारशी समाजासाठी?

डुंगरवाडी, म्हणजे मलबार हिलवरची पारशांच्या अंत्यविधीची जागा, खासगी आहे. तिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याची रीत आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडं संपल्यावर काहींनी दहनाचा पर्याय घेतला. त्यांच्यासाठी वरळी स्मशानभूमीत २०१५ पासून प्रार्थनागृह आहे.

नोंदणीकृत जागेबाहेर अंत्यसंस्कार करता येतो का?

परवानगीशिवाय नाही. गिरगाव चौपाटीवर १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचं दहन आणि २०१२ मध्ये शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकरे यांचं दहन हे खास परवानगीने झालेले अपवाद. घराच्या अंगणात किंवा गावठाणातल्या मोकळ्या जागेत दफन केलं तर पुढे मृत्यूनोंदणीलाही अडचण येते.

अंत्यसंस्काराला जाताना कोणती कागदपत्रं लागतात?

रुग्णालयात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४, घरी झाला तर डॉक्टरांचा नमुना ४अ, आणि मृत व्यक्ती व अर्जदार दोघांचं ओळखपत्र. अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचं पत्र. नावाचं स्पेलिंग तिथेच नीट वाचून घ्या, नंतरची दुरुस्ती विमा आणि बँकेत महिनोन् महिने अडवते. नोंदणीची मुदत २१ दिवस.

नगरसेवकाकडे नेमकं काय मागायचं?

"स्मशानभूमी सुधारा" असं पत्र देऊ नका. अंदाजपत्रक फेब्रुवारीत मांडलं जातं, म्हणून मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विभाग कार्यालयात पोचावी. पत्रात चार गोष्टी: गेल्या तीन वर्षांत तिथे झालेले अंत्यसंस्कार, दाहिनी बंद राहिलेले दिवस किंवा दफनाला जागा नाकारलेली प्रकरणं, हवं असलेलं काम आणि त्याने वाढणारी क्षमता. नगरसेवक ते प्रभाग समितीत मांडू शकतात किंवा सभागृहात ठरावाची सूचना देऊ शकतात. त्यावर आयुक्तांचा अभिप्राय येतो. अभिप्राय "धोरणात्मक बाब असल्याने" असा सुरू झाला तर समजा की आकडे कमी पडले.

आकडे मिळत नसतील तर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की नकार येतो. दाहिनीच्या लॉगबुकाची ठरावीक महिन्यांची प्रत मागा.

रोजच्या तक्रारी कुठे?

दिवे, नळ, गटार, कुंपण हे विभाग कार्यालयाच्या परिरक्षण खात्याकडे. दाहिनी यांत्रिकी व विद्युत खात्याकडे. नोंदी आणि कर्मचारी विभागाच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे. दूरध्वनी १९१६ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या आणि तो लेखी पत्रात लिहा. ट्रस्टच्या जागेवर मात्र आधी विश्वस्तांना पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. महापालिका पहिल्यांदा तीच मागते.